टगबोटीची डागडुजी कोणाच्या मर्जीवर?

मुरगावच्या धक्क्याला खनिजवाहू जहाज लागते तेव्हा पाहणाऱ्याची दृष्टी त्या जहाजावरच खिळते. त्याला ओढून, रेटून जागी बसविणारी टगबोट कोणाच्या ध्यानात राहत नाही. बंदरात जे घडते तेच भर समुद्रातही. मे २०२१ मधील तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ ही निवासी बार्ज बुडाली, हे लोकांना स्मरते. त्याच वादळात ‘वरप्रदा’ ही टगबोट बुडून तिच्यावरील १३ पैकी ११ जण गेले, हे कितीजणांना ठाऊक आहे? त्या दुर्घटनेच्या कारणांचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. परंतु टगबोटीवरील माणसाचा जीव कशावर अवलंबून असतो, हे विचारलेच पाहिजे.

ओढीचा दोर पाठीमागे आहे तोवर ठीक. तोच आडवा येऊन कुशीवर ताणला गेला, की बोट क्षणार्धात कलंडते. अशा वेळी आकड्यातून दोर तत्काळ सुटला पाहिजे आणि दारे घट्ट मिटलेली असली पाहिजेत. गंजलेला आकडा वेळेवर सुटेल याचा भरवसा कोण देणार? बुडाचा झिजलेला पत्रा, पंख्याचा खिळखिळा दांडा, संपत आलेले जस्ताचे ठोकळे ही दुखणी तर पाण्यावरून दिसतही नाहीत. त्यांसाठी बोट सुक्या गोदीत घ्यावीच लागते. वरच्या अंगाला फासलेला नवा रंग म्हणजे डागडुजी नव्हे.

मालक म्हणतात, “प्रमाणपत्र आहे, शिवाय गोदीतला प्रत्येक दिवस भाड्यावाचून जातो.” प्रमाणपत्र हा पाहणीच्या दिवसाचा पुरावा होय, पुढील महिन्यांचा नव्हे. दुसरे म्हणणे मात्र खरे आहे, आणि रोगाचे मूळही तेथेच आहे. ठरलेल्या सवलतीपलीकडे बोट कामावर नसली की भाडे थांबते, अशी कलमे करारांत सर्रास असतात. आणि ठेका बहुधा जातो तो सर्वांत कमी दर भरणाराकडे. असा मनुष्य काटकसर कशात करील, हे सांगावयास ज्योतिषी नको.

१९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने जहाज समुद्रसंचारास योग्य राखण्यासाठी सर्व वाजवी उपाय योजण्याचे बंधन मालकावर घातले. पण ‘वाजवी’ म्हणजे काय, हे ठरते अपघातानंतर, न्यायालयात. इंग्लंडात सॅम्युएल प्लिम्सॉलच्या झगड्यामुळे १८७६ मध्ये जहाजावर भाररेषा सक्तीची झाली. परंतु ती कोठे आखावी हे मालकावरच सोडले होते. तिची जागा कायद्याने बांधून द्यावयास १८९० साल उजाडले. रेषा होती, पण ती मालकाच्या हातातील कुंचल्याची होती. आमच्याकडील डागडुजीची स्थिती याहून निराळी नाही.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. टगबोट भाड्याने घेणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक संस्थेने गोदीचे दिवस करारातच नेमावेत. त्या दिवसांचे भाडे निविदेत वेगळे दाखवून ते चुकते करावे. आणि डागडुजीची नोंदवही बोटीवरील सारंगापासून खलाशापर्यंत सर्वांस खुली ठेवावी. खर्च वाढेल, हे मान्य. पण तो खर्च आजही कोणीतरी सोसतोच आहे, आणि जो सोसतो त्याला निविदा भरावयाचा अधिकार नाही.