छटा आधी, रंग मग

कापडाच्या तुकड्यांतून माणसाचा चेहरा उभा करताना ओळख पटते ती छटांमुळे. भुवईखालची सावली, नाकाच्या शेंड्यावरचा उजेड, खालच्या ओठाखालचा गडद पट्टा या गोष्टी जागच्या जागी आल्या की चेहरा निळ्या-जांभळ्या कापडाचा असला तरी पाहणारा चटकन नाव घेतो. उलट अंगकांतीशी मिळतेजुळते सुती कापड शोधत दुकाने पालथी घातली आणि सगळे तुकडे एकाच उजेडाचे निघाले, तर हाती सपाट मुखवटा येतो. अ‍ॅप्लिकच्या व्यक्तिचित्रात होणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे आणि ती शिवणाची नसून कापड निवडण्याची आहे.

या बाबतीत अमेरिकेतील बिसा बटलर यांचे काम बारकाईने अभ्यासावे असे आहे. त्यांचे शिक्षण हॉवर्ड विद्यापीठात चित्रकलेचे झाले. गरोदरपणात रंगांचा वास सहन होईना, तेव्हा घरात आई-आजीच्या हातात असलेल्या शिवणकामाकडे त्या वळल्या. आजी-आजोबांचे ‘फ्रान्सिस अँड व्हायोलेट’ हे त्यांचे सुरुवातीचे क्विल्ट 2001 मधले. हॉवर्डमध्ये आफ्रिकोब्रा या कृष्णवर्णीय कलावंतांच्या गटाचा प्रभाव होता आणि भडक, झळाळते रंग ही त्या गटाची खूण. 2018 मधले ‘द सेफ्टी पॅट्रोल’ चार्ल्स हॅरिस यांनी 1947 साली टिपलेल्या कृष्णधवल छायाचित्रावरून केलेले आहे. मूळ छायाचित्रात रंग नव्हताच, होत्या त्या फक्त छटा. त्या बटलर यांनी जशाच्या तशा राखल्या आणि रंग मात्र मनाजोगते घेतले. त्यांच्या चेहऱ्यांवरचा जांभळा किंवा हिरवा रंग खटकत नाही, याचे कारण इथे आहे.

म्हणून काम सुरू होते ते छायाचित्रापासून. एका बाजूने उजेड पडलेले छायाचित्र घ्यावे. समोरून फ्लॅश मारलेल्या छायाचित्रात सावल्याच नसतात आणि सावली नसेल तर कापायचे काय, हा प्रश्न उभा राहतो. छायाचित्र कृष्णधवल करून त्यातल्या छटा पाच ते सातपर्यंत उतरवाव्यात आणि प्रत्येक छटेची सीमारेषा पूर्ण आकाराच्या कागदावर काढून घ्यावी. कपाटातली कापडेही याच क्रमाने लावावीत. रंग डोळ्याला फसवतात. लाल कापड वाटते त्यापेक्षा बरेच गडद असते, पिवळे बहुधा फिके निघते. कापडांची रांग मांडून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र घेतले की खरा क्रम लगेच कळतो.

तुकडे इस्त्रीने चिकटवण्यासाठीच्या कागदी पाठीच्या फ्यूजिंगवर आकार उलटा गिरवावा लागतो, नाहीतर डावा गाल उजवीकडे जातो. वरच्या तुकड्याखाली जाणारी कड पाव इंच जास्त ठेवावी म्हणजे फट राहत नाही. रेशीम आणि जरीवर इस्त्री मंद ठेवून मध्ये मलमलचा तुकडा घ्यावा.

डोळ्याला मात्र वेळ द्यावाच लागतो. बुबुळाभोवतीचा भाग पांढराशुभ्र कापला की माणूस दचकल्यासारखा दिसतो. वरच्या पापणीची सावली त्यावर पडत असल्याने वरचा भाग करडा किंवा फिका निळा असावा लागतो. खरा पांढरा तुकडा प्रत्येक डोळ्यात एकच, तांदळाच्या दाण्याहूनही लहान, बुबुळावरच्या चकाकीचा, आणि दोन्ही डोळ्यांत उजेडाच्या एकाच बाजूला. दातांचेही तसेच आहे. एकेक दात वेगळा कापू नये, एक फिकट पट्टी पुरते.

नक्षीचे कापड वापरताना नक्षीचा आकार पाहावा. बारीक बुट्टी दुरून छटेत विरघळते, मोठे फूल गालावर डागासारखे उठते. खणाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ताणा आणि बाणा वेगळ्या रंगांचे असले की तुकडा फिरवताच त्याची झाक बदलते. एकाच गालाचे तुकडे एकाच दिशेने कापावेत. नाकाच्या दोन बाजूंसाठी मात्र मुद्दाम दिशा बदलून एकाच खणातून उजेड आणि सावली दोन्ही काढता येतात. महाराष्ट्रात काम करणाऱ्यांच्या हाताशी असलेली ही मोठी सोय अजून फारशी वापरली गेलेली नाही.

कापडाला अर्थही असतो. पश्चिम आफ्रिकेत वॅक्स प्रिंटच्या अनेक नक्ष्यांना बाजारात नावे आणि म्हणी चिकटलेल्या आहेत आणि बटलर पात्राचे कपडे त्या जाणिवेने निवडतात. गोधडीतही घरच्या माणसांची जुनी लुगडी आणि धोतरे जातात. आजीचे चित्र करताना तिच्याच इरकलीचा पदर खांद्यावर आला, तर ते कापड चित्राचा भाग होते. अशा जुन्या कापडाला मागून पातळ अस्तर चिकटवल्याशिवाय कात्री लावू नये.

शेवटी वरचा थर, कापूस आणि अस्तर एकत्र शिवताना टाक्याची दिशा चेहऱ्याला गोलाई देते. गालावर टाके वळणाने जावेत, कपाळावर आडवे, केसांत केसांच्या ओघाने. फिकट तुकड्यावर गडद दोरा आला की सुरकुती दिसते आणि तरुण चेहरा म्हातारा होतो. मशीनचे दाते खाली करून मोकळ्या हाताने शिवले किंवा हाताने धावदोरा घातला, तरी टाक्यांची दाटी सगळीकडे सारखी हवी. चेहरा दाट आणि पार्श्वभूमी विरळ राहिली तर चेहरा आक्रसतो, भोवतीचे कापड फुगते आणि भिंतीवर चित्र सरळ लटकत नाही.

छायाचित्र दुसऱ्याने काढलेले असेल तर परवानगी कापड कापण्यापूर्वी घ्यावी. भारतीय कायद्यानुसार छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, आणि माध्यम कापडाचे असले तरी तो लागू राहतो.