काढ्याची कसोटी

पार्से गावच्या परिसरात कुडा हे काही दुर्मिळ झाड नव्हे. मुरडा झाला की त्याच्या सालीचा काढा देण्याची वहिवाट पेडणे महालात जुनीच. जाणकार मात्र एकटा कुडा क्वचितच देतो. सुंठ, मिरी, बेलफळाचा गर असे काहीतरी जोडीला असतेच. या जोडीकडे आमच्या सुशिक्षितांनी आजवर आजीबाईचा बटवा म्हणून हसून पाहिले.

ते हसू आता आवरावे लागेल. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. असे अनेक जंतू आत शिरलेले औषध पेशीतील पंपांनी सरळ बाहेर फेकतात. दारुहळदीच्या कुळातील बर्बेरिन या द्रव्याचीही हीच गत होते. पण त्याच कुळातील काही वनस्पतींत दुसरे एक द्रव्य असते. ते स्वतः जंतूला मारीत नाही. पंप तेवढा बंद पाडते. अमेरिकी संशोधकांनी हे २००० साली सिद्ध केले. मिऱ्यातील पायपरिनही स्टॅफिलोकोकस जंतूच्या पंपाला अडविते, असे जम्मूच्या संशोधकांना २००६ साली आढळले. आणि आमच्या कुड्यातील कोनेसिनचा तसाच गुण २०१७ साली नजरेस आला तो थायलंडमधील संशोधकांच्या! कुडा आमच्या दारात, शोध मात्र परदेशात.

तरीही काचेच्या बशीत जंतू मेला म्हणजे रोगी बरा झाला असे नव्हे. पायपरिनमुळे दुसऱ्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. क्षयरोगाच्या एका भारतीय गोळीत त्याच्या जोरावर रिफँपिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅमवर आणता आले. ते माप ठरविण्यास रुग्णांवर रीतसर चाचण्या कराव्या लागल्या. डॉक्टरांच्या गोळीवर घरचा काढा परस्पर घेणाऱ्यास हे माप कोठून कळणार? रक्तात विष भिनलेल्या रोग्याला काढ्याच्या भरवशावर घरी ठेवणे हा तर निव्वळ अविचार होय.

ही कसोटी घेण्यास धारगळची आयुर्वेद संस्था पार्सेहून दूर नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी, मोपा विमानतळाबरोबर एकाच दिवशी, तिचे उद्घाटन झाले. विमाने उडू लागली. संस्थेकडून आमची अपेक्षा याहून कष्टाची आहे. पेडणे-डिचोलीतील जाणकार कशाबरोबर काय, किती आणि कधी देतात याची तिने नोंद करावी. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाने गोमंतकीय रुग्णांतील हट्टी जंतूंवर ती मिश्रणे तपासावीत. जी फसतील त्यांचेही निष्कर्ष छापावेत. फसलेल्या काढ्याची गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणूनच भोंदूंचे फावते.

आणि सांगणाऱ्याचे नाव गाळू नये. गार्सिया द ओर्ताचा वनौषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्याला माहिती पुरविणारे बहुतेक वैद्य अनामिकच राहिले. उलट, १६७८ पासून हॉलंडात निघालेल्या 'होर्तुस मलबारिकुस'मध्ये रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट या कोकणी वैद्यांची साक्ष नावानिशी छापली आहे. शोधातून पैसा मिळाला तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे त्यातील वाटा गावालाही मिळाला पाहिजे. झाडाचा प्रश्न तर त्याआधीचा: कुड्याची साल सभोवार सोलली की झाड वाळते. तेव्हा संस्थेने पहिली रोपवाटिका पार्सेच्याच आसपास घालावी, आणि ती येत्या पावसाळ्यापूर्वी.