स्वस्त गोळी, बेवारस रोगी

फेनिटॉइनची गोळी टपरीवरच्या चहापेक्षा स्वस्त आहे. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत तिचा समावेश आहे, तिची किंमत केंद्र शासनाच्या नियंत्रणाखाली आहे आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. तेव्हा शिरूर किंवा दौंड तालुक्यातील अपस्माराच्या रोग्याने आणखी काय मागावयाचे, असा प्रश्न सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांना पडतो. यातील एकेक विधान खरे आहे. परंतु या खऱ्या विधानांच्या बेरजेतून जो निष्कर्ष काढला जातो तो साफ खोटा आहे. कारण गोळी म्हणजे उपचार नव्हे, आणि फेनिटॉइनच्या बाबतीत तर मुळीच नव्हे.

प्रश्न मूठभरांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या दोन तालुक्यांची लोकसंख्या साडेसात लाखांच्या वर होती. भारतात दर हजारी सुमारे पाच माणसांना अपस्मार असतो असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्या हिशेबाने तेव्हाच येथे अडतीसशेच्या आसपास रोगी असावेत. कोणी त्याला फेफरे म्हणतो, कोणी मिरगी, कोणी नुसते फिट. बाळंतपणात गुदमरलेले मूल, पुणे-सोलापूर किंवा पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर डोके फुटलेला दुचाकीस्वार, मैलामिश्रित पाण्यावर पिकलेल्या भाजीतून मेंदूपर्यंत पोहोचलेली फीतकृमीची अळी. या आजाराची कित्येक कारणे दारिद्र्याच्या आणि गैरव्यवस्थेच्या घरातलीच आहेत. क्षयरोग्याची नोंद होते, कुष्ठरोग्याची होते. या अडतीसशे माणसांची नावे कोणत्या नोंदवहीत आहेत, एवढे आरोग्यखात्याने सांगितले तरी चर्चेला आरंभ होईल.

औषधाला नावे ठेवण्याचे कारण नाही. हायडँटोइन कुळातील हे द्रव्य १९०८ साली हाइनरिख बिल्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तयार केले आणि पुढे तीस वर्षे ते निरुपयोगी म्हणून पडून राहिले. १९३८ साली बॉस्टन येथे मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांवरील प्रयोगांनंतर त्याचा अपस्मारावरील गुण रोग्यांत सिद्ध केला. त्यापूर्वी फेनोबार्बिटल होते. पण ते झटके थोपविताना माणसालाही झोपवून ठेवी. झोप न आणता झटका आवरता येतो, हे फेनिटॉइनने प्रथम दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली अत्यावश्यक औषधांची पहिली आदर्श सूची केली, तीत ते होते, आणि आजही आहे. लक्षावधी गरिबांना या गोळीने पुन्हा कामावर उभे केले आहे. म्हणूनच ती कशी दिली जाते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

बहुतेक औषधांचा नियम सरळ असतो: मात्रा दीडपट केली की रक्तातील प्रमाणही साधारण दीडपट होते. फेनिटॉइन हा नियम पाळत नाही. यकृताची हे औषध पचविण्याची शक्ती मर्यादित असते. ती मर्यादा गाठली, की शंभर मिलिग्रॅमची एकच जादा गोळी रक्तातील पातळी दुपटीवर नेऊ शकते. रक्ताच्या दर मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम हा उपयोगाचा पट्टा. त्याखाली झटके येतात. त्याच्या वर बुबुळे थरथरतात, एकाची दोन दिसू लागतात, पाय लटपटतात, बोलणे जड होते, पुढे भ्रम होतो. असा मनुष्य एस.टी. स्थानकावर झोकांड्या देत चालला तर लोक त्याला दारुडा ठरवून मोकळे होतात. घरचे म्हणतात, आजार वाढला. आणि डॉक्टरला पातळी मोजण्याची सोय नसेल, तर तोही आजार वाढला असे समजून आणखी एक गोळी वाढवून देण्याचा संभव असतो.

त्यात हे औषध रक्तातील प्रथिनाला सुमारे नव्वद टक्के चिकटलेले असते. काम करतो तो उरलेला मोकळा अंश. ज्याच्या अंगात प्रथिनच कमी, त्याच्या रक्तात मोकळा अंश अधिक. म्हणजे उपाशीपोटी राबणाऱ्या माणसाची एकूण पातळी कागदावर ठीक दिसत असताना त्याला विषबाधा झालेली असू शकते! क्षयाची औषधे चालू असली तर गुंता आणखी वाढतो. आयसोनियाझिडने फेनिटॉइनची पातळी चढते, रिफाम्पिसिनने उतरते, आणि दोन्ही एकत्र चालू असताना कोणाचे पारडे जड होईल हे माणसागणिक बदलते. क्षयाची गोळी एका खिडकीवर आणि फिटची दुसऱ्या खिडकीवर मिळत असेल, तर या दोन खिडक्यांचे आपापसांत बोलणे कोणी करावयाचे?

शहरातील सुखवस्तू रोग्याला यातले काही सोसावे लागत नाही. त्याची पातळी तपासली जाते, त्याचा डॉक्टर ठरलेला असतो, चार दिवसांत चक्कर आली तर दूरध्वनी करता येतो. दौंडच्या रोग्याला निदान पुण्याची रेल्वे आहे. शिरूरला तीही नाही. ससूनच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन येणे म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, सोबतच्या माणसाची गेली, प्रवासखर्च वेगळा. स्वस्त गोळीची खरी किंमत ही आहे, आणि ती कोणत्याही दरपत्रकात छापलेली नसते.

गोळी सुटणे हा तर याहून मोठा धोका. फेनिटॉइन एकाएकी बंद झाले तर एकामागून एक न थांबणारे झटके येऊ शकतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. तापाची गोळी आठवडाभर उपलब्ध नसणे ही गैरसोय आहे. ही गोळी आठवडाभर नसणे हा जीवाशी खेळ आहे. "बाहेरून आणा" ही चिठ्ठी लिहिणाऱ्याला याची जाणीव असते काय? राज्याने २०१७ साली औषधखरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे दिली, २०२३ साली ती काढून स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. पाट्या बदलल्या. तामिळनाडूने मात्र १९९४ साली एक महामंडळ स्थापन करून साठा, तपासणी आणि पुरवठा यांची जी पद्धत बसविली, तिचा अभ्यास करावयास महाराष्ट्राला कोणी मनाई केली होती, हे कळत नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे, आणि ती डाव्या चळवळीतील कार्यकर्त्यांनीही ऐकावी अशी आहे. १९६८ साली ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सुलमधील भरणद्रव्य बदलण्यात आले. कॅल्शियम सल्फेटच्या जागी दुग्धशर्करा आली. औषधाची मात्रा तीच होती, तरी ते अधिक शोषले जाऊ लागले आणि रोग्यांमध्ये विषबाधेची लाट आली. हाथी समितीने १९७५ साली ब्रँडची नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून औषधे मूळ नावाने विकण्याची शिफारस केली होती; ती मागणी आजही रास्त आहे. परंतु मूळ नाव म्हणजे दर महिन्याला नव्या कारखान्याची गोळी, असा अर्थ निविदावाल्यांनी लावला तर फेनिटॉइनचा रोगी त्यात भरडला जाईल. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण पुढे करून महागड्या ब्रँडची तरफदारी करणारे लबाडी करतात. त्यातून निघणारा धडा साधा आहे: शासनाने दीर्घ मुदतीचा करार करावा, गोळी विरघळण्याची चाचणी करूनच माल घ्यावा, आणि उत्पादक बदलला तर ते रोग्याच्या केसपेपरवर लिहून पुढचे काही आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवावे. त्यासाठी लागतो तो थोडा कारभार. पैसा जवळजवळ लागतच नाही.

या अव्यवस्थेचा सर्वांत निर्दय भार स्त्रियांवर पडतो. वर्षानुवर्षे फेनिटॉइन घेतल्याने हिरड्या फुगतात, चेहऱ्यावर लव वाढते, हाडे ठिसूळ होतात, फॉलिक आम्ल कमी पडते. लग्नाच्या बाजारात उभ्या केलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर औषधच आजाराची जाहिरात करते, म्हणून गोळी लपविली जाते आणि पुढे थांबविली जाते. कायद्यानेही या अन्यायाला हातभार लावला होता. १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहाला बाधा ठरविली आणि ते कलम १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात राहिले. कलम गेले, सासरची भीती गेली नाही.

गर्भावस्थेत घेतलेल्या फेनिटॉइनमुळे काही बालकांत ओठ-टाळू फाटणे, बोटांची टोके व नखे खुरटणे, वाढ मंद होणे असे दोष आढळतात. १९७५ पासून वैद्यकशास्त्राला ही लक्षणे एका स्वतंत्र नावाने ठाऊक आहेत. उलट भीतीपोटी गोळी एकदम सोडली तर झटक्याने आई आणि गर्भ दोघेही संकटात येतात. म्हणजे निर्णय गर्भधारणेच्या आधी, समजावून, डॉक्टरच्या देखरेखीखाली व्हावयास हवा. आणि कटाक्षाने सांगण्याची बाब ही, की फेनिटॉइन संततिनियमनाच्या गोळीचा प्रभाव कमी करते. शासनाची एक यंत्रणा फेनिटॉइन देते, दुसरी मोफत माला-एन देते, आणि दोन्ही गोळ्या घेणाऱ्या बाईला हे कोणी सांगत नाही. मग दिवस गेले की दोष तिचाच. निष्काळजी ती, अडाणी ती.

आता नवी औषधे विकणारे पुढे येतील आणि म्हणतील, हे सारे खरे आहे, म्हणूनच हे जुनाट औषध टाकून द्या. त्यांच्या हेतूंविषयी शंका असली तरी त्यांचे म्हणणे पूर्णपणे चूक नाही. लेव्हेटिरासिटामला रक्तातील पातळीचा एवढा पहारा लागत नाही, अन्य औषधांशी त्याची झटापटही कमी. ते २०२२ च्या राष्ट्रीय सूचीत आहे. मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना असा पर्याय सरकारी रुग्णालयातच, फुकट आणि खंड न पडता मिळाला पाहिजे. परंतु पुरवठ्याची घडी बसविल्याशिवाय औषध बदलणे म्हणजे स्वस्त गोळीच्या खंडाऐवजी महाग गोळीचा खंड पदरात घेणे होय. ज्याचे झटके फेनिटॉइनने थांबले आहेत आणि ज्याला त्रास नाही, त्याची गोळी विक्रेत्याच्या आग्रहाखातर बदलणे हा तर गुन्हाच समजावयास हवा.

दौंड तालुक्यातच कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. रसायनांचे कारखाने आहेत, औषधांची मूळ द्रव्ये तेथे बनतात आणि दूरदूर जातात. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी तेथील एका कारखान्यातून मेफेड्रोन या मादक द्रव्याचा प्रचंड साठा जप्त केला. त्याची कोट्यवधींची किंमत वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर झळकली. नफ्याला जे हवे ते या मातीत तयार होते, मग ते कायद्यात बसो वा न बसो. त्याच वसाहतीच्या कुंपणाबाहेर फिट येणाऱ्या मजुराला कारखान्याच्या यंत्रावर घेत नाहीत, आणि तो आजार लपवून यंत्रावर चढला तर हात गमावतो.

हे काम अशक्य आहे असे कोणी सांगू नये, निदान शिरूर तालुक्यात तरी सांगू नये. याच तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९७० च्या दशकात डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प उभारला. गावातल्याच बायाबापड्यांना शिकवून आरोग्यसेवक करता येते हे तेथे दिसले, आणि २००२ पासून त्या परिसरातील २२ गावांची जन्ममृत्यूची घरोघर नोंद तेथे ठेवली जात आली. घरोघर जाऊन जन्म आणि मृत्यू मोजता येतात, तर त्यांच्यामध्ये घडणारे झटके मोजता येत नाहीत, हे कोणाला पटेल?

मागण्या म्हणून अवाढव्य नाहीत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अपस्माराची नोंदवही असावी. प्रत्येक नोंदलेल्या रोग्यामागे किमान दोन महिन्यांचा साठा त्याच्या नावाने राखून ठेवावा. तालुक्याच्या रुग्णालयात रक्ताचा नमुना घेऊन पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेतून पातळीचा अहवाल ठराविक दिवसांत आणून द्यावा. आशा कार्यकर्तीला या कामाचा रीतसर मोबदला द्यावा. तिच्यावर फुकटचा आणखी एक तक्ता लादू नये. आणि फडावर येणाऱ्या ऊसतोड कामगारांचा विचार वेगळा करावा. बीड-अहिल्यानगरकडून निघालेला माणूस भीमेकाठी उतरतो तेव्हा त्याचा केसपेपर गावी राहिलेला असतो, आणि गोळ्या संपल्यावर तो नव्या केंद्रात अनोळखी ठरतो. औषध, मात्रा, उत्पादक आणि शेवटच्या झटक्याची तारीख लिहिलेले एक जाड कार्ड त्याच्या खिशात असले आणि ते पाहून कोणत्याही केंद्राने गोळी देण्याचे बंधन असले, तर हा प्रश्न पुष्कळसा सुटतो. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. टोळ्या फडावर उतरण्यापूर्वी ही कार्डे छापून व्हावयास हवीत.