तलावाने कापड तपासावं, लांबी नव्हे

वसईजवळच्या निर्मळच्या वाड्यांना पाणी परकं नाही. पाठीला रिकामा डबा बांधून पोरं बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, हातपाय मारायला शिकली, बायका लुगड्याचा कासोटा घट्ट खोचून कामाला पाण्यात उतरल्या. कार्तिकातल्या यात्रेला तर तीर्थस्नानाची जुनी परंपरा. अंगावरच्या कपड्यानिशी डुबकी मारणाऱ्या बाईकडे तिथे कोणी वळून बघत नाही.

त्याच वाड्यांतल्या पन्नाशीच्या बाईला आज डॉक्टर गुडघ्यांसाठी पाण्यातला व्यायाम सुचवतात, तेव्हा ती अडते कॉश्च्युमपाशी. दंड, मांड्या, सुटलेलं पोट सगळ्यांना दिसेल या धास्तीने ती पोहण्याच्या तलावात नावच नोंदवत नाही. यात तिचं मोठं नुकसान होतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवरचा भार जवळजवळ निम्मा होतो, छातीइतक्या पाण्यात आणखी घटतो. जिना चढताना कळवळणारे गुडघे तिथे सहज चालू लागतात.

‘त्यात काय लाजायचं?’ असं म्हणून ही लाज जात नाही. आचार्य अत्र्यांची कथा असलेल्या, मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’त १९३८ साली मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि केवढी खळबळ उडाली! बाईच्या अंगावर कापड किती, याचा हिशेब लोक तेव्हाही मांडत होते. तो उलट्या बाजूनेही मांडला जातो. २०२१ साली नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघातल्या मुली बिकिनीऐवजी आखूड चड्डी घालून खेळल्या, तर संघाला १५०० युरो दंड झाला. त्यावर जगभर टीका झाली आणि त्याच वर्षी नियम बदलला.

पोशाखाच्या लांबीपेक्षा तलावाला खरी काळजी हवी ती कापडाची. सुती टी-शर्ट किंवा सलवार पाणी पिऊन जड होते, अंगाला चिकटते, हालचाल अडवते. तिचे धागे सुटून गाळणयंत्रात अडकतात. ओढणीसारखं मोकळं कापड हातापायांत गुंतलं तर जीवावर बेतू शकतं. म्हणून सुती कपड्यांना मनाई रास्त आहे. पण नायलॉन-लायक्राचा किंवा पॉलिएस्टरचा अंगाबरोबर बसणारा पोशाख कोपरापर्यंत असो की मनगटापर्यंत, गुडघ्यापर्यंत असो की घोट्यापर्यंत, पाण्याला त्याने काहीच फरक पडत नाही. ऑस्ट्रेलियात अहेदा झनेट्टी यांनी २००४ साली अंग झाकणारी बुर्किनी घडवली तीही अशाच कापडाची.

खरेदीच्या वेळी आरशासमोर नुसतं उभं राहून भागत नाही. हात वर करावेत, खाली वाकावं, गुडघा पोटाशी आणावा. पट्टे खांद्यावरून घसरले किंवा काखेत काचले तर तो कॉश्च्युम परत ठेवावा. ओलं कापड सैलावतं, म्हणून कोरडा असताना तो अंगाबरोबर बसायला हवा, मात्र श्वास कोंडू नये. फ्रॉकसारख्या कॉश्च्युमचा घेर पाण्यात वर तरंगतो. आत जोडलेली चड्डी हवीच. फिकट रंग भिजल्यावर पारदर्शक होतात, तेव्हा गडद रंग आणि आत अस्तर बरं. खांदे आखडलेल्या बाईला पुढून चेन असलेला पोशाख सोपा जातो. क्लोरीन लायक्राला खातं. वापरल्यावर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवला तर तो जास्त टिकतो.

तरीही सगळ्यात अवघड असतात ती चेंजिंग रूमपासून पाण्यापर्यंतची वीस पावलं. पाण्यात शिरल्यावर अंग झाकलं जातं, त्याआधी नाही. पायऱ्यांपाशी टॉवेल अडकवायला खुंटी, लेडीज बॅचला बाई प्रशिक्षक आणि त्या वेळेत गॅलरीत बघ्यांना मज्जाव, एवढं कोणत्याही तलावाला फार खर्च न करता जमण्यासारखं आहे. वसई-विरारच्या तलावांनी येत्या उन्हाळ्याच्या बॅचेस सुरू होण्याआधी ते करावं आणि नोंदणीच्या खिडकीवर ठळक मराठीत लिहावं: ‘सुती कपडे चालणार नाहीत. पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा कॉश्च्युम चालेल.’