दहावीचा निकाल ९४ टक्के, मग तिसरीतलं वाचन का अडतं? हरसूलकडून बघितलं तर काय दिसतं

नाशिकहून गिरणारे, मग वाघेरा घाट आणि पुढे हरसूल. त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. गुजरातची हद्द जवळ, भोवती कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजाचे पाडे, शेतात भात, नागली, वरई.

समजा, इथल्याच एखाद्या पाड्यावरची सहा वर्षांची मुलगी जून २०२५ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला गेली. कागदावर तिचा पुढचा सगळा रस्ता आखलेला आहे. तिसरी संपेपर्यंत तिने मिनिटाला किमान ६० शब्द वाचायचे, तेही अर्थ समजून. पाचवीला वार्षिक परीक्षा, आठवीला पुन्हा एक. आणि मार्च २०३५ मध्ये दहावीचा बोर्ड, पास व्हायला ३५ मार्क.

गेल्या काही वर्षांत सरकारने या रस्त्याच्या दोन्ही टोकांना हात घातलाय. शेवटच्या टोकाला काही बदललं की लगेच हेडलाइन होते. 'गणितात २० मार्क मिळाले तरी पास' ही बातमी ऑक्टोबर २०२४ मध्ये सगळ्यांच्या फोनवर फिरली होती, मीम्ससकट. पहिली ते तिसरीत काय चाललंय, हे मात्र फारसं कुणी शेअर करत नाही. या मुलीचं गाडं अडतं ते तिथेच.

मिनिटाला ६० शब्द हे कुठून आलं?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मान्य केलं की प्राथमिक शाळेत असलेल्या मोठ्या संख्येने मुलांना साधं वाचन आणि बेरीज-वजाबाकी येत नाही. त्यावर उपाय म्हणून ५ जुलै २०२१ रोजी केंद्राने 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या कळाव्यात, हे २०२६-२७ पर्यंत साधायचं असं ठरलं.

महाराष्ट्रात हा विचार नवा नव्हता. २२ जून २०१५ च्या जीआरने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला होता, त्याचाही रोख पायाभूत वाचन-गणितावरच होता. मार्च २०२५ मध्ये 'निपुण महाराष्ट्र' कृती कार्यक्रम आला, या वेळी दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी. नाव बदलत गेलं, प्रश्न तोच राहिला.

प्रश्न किती मोठा आहे? 'प्रथम' संस्थेच्या असर २०२४ अहवालानुसार देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमध्ये तिसरीतली फक्त २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. पाचवीत हाच आकडा ४४.८ टक्के. महाराष्ट्राची कामगिरी देशाच्या सरासरीपेक्षा बरी आहे, पण सरासरी हा शब्दच फसवा. पुणे जिल्ह्यातलं मोठं गाव आणि हरसूलजवळचा पाडा त्यात एकत्र मोजले जातात.

आधी मराठी शिकायची, मग मराठीत वाचायचं

शहरी वाचकाच्या सहज लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे या मुलीच्या घरात पुस्तकातली मराठी बोलली जात नाही. घरात कोकणा किंवा वारली बोली असते, किंवा महादेव कोळी समाजाची स्वतःच्या वळणाची बोली. मराठीशी नातं असलं तरी शब्द वेगळे, क्रियापदांची रूपं वेगळी.

वाचन म्हणजे अक्षरांना आवाज द्यायचा आणि त्या आवाजातून ओळखीचा शब्द सापडायचा. ज्या मुलाने तो शब्द आधी कानाने ऐकलेलाच नाही, त्याला अक्षरं जुळवूनही काही सापडत नाही. भिंतीवरचा तक्ता बघा. 'अ' अननसाचा, 'ए' एडक्याचा, 'ऐ' ऐरणीचा. (ऐरण पुण्या-मुंबईतल्या किती मुलांनी पाहिलीय, हाही प्रश्नच आहे.) नागली, करवंद, मोह रोज बघणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी अक्षर नवीन, शब्द नवीन आणि वस्तूही नवीन. मग ती धडा पाठ करते. बाईंनी बोट ठेवलं की ओळ घडाघडा म्हणते, आणि तपासायला आलेल्या साहेबांना वाटतं वाचता येतंय.

कायद्यात याची जाणीव नाही असं नाही. राज्यघटनेचं कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतं. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शक्य तिथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावी. २०२० चं धोरण तर पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं.

आणि हे जमतं, हे सह्याद्रीच्या पलीकडे केव्हाच दिसलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, वारली मुलांबरोबर काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर अंगणवाडी पाड्यावर नेली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच 'कुरणशाळा' भरवली. शिकवायचं साहित्य म्हणजे आसपासचे दगड, बिया, पानं. 'अंगणवाडी' हा शब्द देशाने उचलला. त्यामागची पद्धत, म्हणजे मुलाच्या घरापासून सुरुवात करायची, तितकी उचलली गेली नाही.

आता २०२५ मधला वाद आठवा. १६ एप्रिलच्या जीआरने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची केली. गदारोळ झाला, १७ जूनला सुधारित जीआर आला आणि २९ जूनला दोन्ही रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. राज्यभर चर्चा होती ती लहान मुलांवर तिसऱ्या भाषेचा बोजा नको अशी. रास्तच होती. पण हरसूलच्या मुलीसाठी मराठी हीच दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी तिसरी. हिंदी आली असती तर चौथी. त्या दोन-अडीच महिन्यांच्या वादात ही मोजणी फारशी ऐकू आली नाही.

सुरुवातीच्या वर्गांसाठी काही वेगळं करायला गेलं की काय होतं, याचा एक जुना अनुभवही आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं. लहान मूल 'सत्तावीस' ऐकून आधी ७ लिहितं, ही अडचण सुटावी एवढाच हेतू होता. विधानसभेपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत त्याची टिंगल झाली.

शिक्षक कोण आणि मुलं कुठे?

कायद्याप्रमाणे ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. पाड्यावरच्या शाळेत पहिली ते चौथी किंवा पाचवी असते, म्हणजे एका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन-तीन वर्ग. त्यात शिक्षकाला मुलांची बोली येत असेल तर अर्धं काम हलकं होतं.

म्हणूनच पेसा भरतीचा विषय इथे येतो. अनुसूचित क्षेत्रात शिक्षकांसह १७ संवर्गांतली पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांनी भरायची, अशी राज्यपालांची अधिसूचना आहे. ही भरती सर्वोच्च न्यायालयातल्या वादामुळे अडकली. ऑगस्ट २०२४ मध्ये माजी आमदार जे. पी. गावित यांनी त्यासाठी नाशिकमध्ये उपोषण केलं आणि नंतर उमेदवारांना मानधनावर तात्पुरत्या नेमणुका देण्याचा मार्ग काढला गेला. बातम्यांमध्ये हा नोकऱ्यांचा प्रश्न म्हणून आला. पहिलीच्या वर्गाच्या बाजूने बघितलं तर तो वाचनाचाही प्रश्न आहे.

दुसरी अडचण कॅलेंडरची. भाताची कापणी उरकली की हरसूल, पेठ, सुरगाण्याकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. हरसूलच्याच रस्त्यावरचं गिरणारे हा मजुरांचा मोठा नाका. ऑक्टोबरची छाटणी, मग विरळणी, डिपिंग, आणि जानेवारीपासून काढणी. बरीच कुटुंबं मुलांना सोबत नेतात, किंवा धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठ्या मुलीला नेतात. सरकारकडे यासाठी हंगामी वसतिगृह आहे, स्थलांतरित मुलांसाठी 'शिक्षण हमी पत्रक' आहे. मूल ज्या गावात जाईल तिथल्या शाळेने हे पत्रक पाहून त्याला वर्गात बसवायचं. बसवतातही. पण तिथे पुस्तकाचं पान वेगळं, बाई वेगळ्या आणि शेजारी बसणाऱ्या मुलांची भाषा पुन्हा वेगळी.

'निपुण महाराष्ट्र' कृती कार्यक्रमाचा काळ बघा. ५ मार्च ते ३० जून २०२५. मार्चमध्ये द्राक्षाची काढणी जोरात, मे महिन्यात शाळेला सुट्टी, आणि शाळा उघडल्या १६ जूनला. मंत्रालयातून हे चार महिने दिसतात. पाड्यावर हातात किती दिवस आले, ते ज्याने त्याने मोजावं.

पाचवी-आठवीची परीक्षा परत का आली?

१ एप्रिल २०१० रोजी लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचं नाही असं ठरवलं. नापास झालं की मूल शाळाच सोडतं, हा त्यामागचा अनुभव. मात्र 'मागे ठेवू नका' सोबत सतत मूल्यमापन करून मागे पडलेल्याला हात द्या, असंही कायद्यात होतं. पहिला भाग सोपा होता, तो राबवला गेला. दुसऱ्या भागाला माणसं आणि वेळ लागत होता.

२०१९ मध्ये संसदेने कायदा बदलला आणि राज्यांना मोकळीक दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम करून २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पास व्हायला ३५ टक्के. नापास झाल्यास ज्यादा मार्गदर्शन, निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि त्यातही अडलं तर त्याच वर्गात. पहिलीत राहून गेलेलं वाचन पाचवीच्या दोन महिन्यांत भरून काढायचं, असा याचा अर्थ होतो.

परीक्षेने वाचन सुधारतं का? अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचं उदाहरण हल्ली वारंवार दिलं जातं. तिथे २०१३ मध्ये कायदा झाला की तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलाला चौथीत घालायचं नाही. चौथीच्या वाचनात २०१३ मध्ये ४९व्या क्रमांकावर असलेलं हे गरीब राज्य २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत पहिल्या दहात आलं. पण तिथे बालवाडीपासून वर्षातून तीनदा वाचन तपासलं जात होतं, शिक्षकांना नव्याने शिकवलं गेलं आणि कमजोर शाळांमध्ये राज्याने वाचनाचे प्रशिक्षक बसवले. फक्त 'थांबवलं' एवढंच उचलून चालत नाही. उलट, शिक्षणात अव्वल समजल्या जाणाऱ्या मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनीच शाळा पूर्ण केल्याचा दाखला मिळवण्यासाठीची राज्य परीक्षेची अट काढून टाकली.

दहावी: नियम हलला की निकाल हलतो

२०१८ चा राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ चा ७७.१० टक्के. २०२० चा ९५.३० टक्के.

दोन वर्षांत मुलं एवढी ढ आणि पुन्हा एवढी हुशार झाली का? २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले २० मार्क बंद होते, सगळा पेपर लेखी. निकाल १२ टक्क्यांनी आपटला. ओरड झाली, ते २० मार्क परत आले आणि निकाल वर गेला. अभ्यासक्रम २०१९ ला नवीन होता आणि २०२० ला लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, हेही खरं. तरी लेखी भाषेच्या पेपरवर येऊन इतकी मुलं अडावीत, यातून बरंच कळतं. तोंडी मार्क ती झाकत होते, आजही झाकतात. मे २०२५ चा निकाल ९४.१० टक्के होता.

तेव्हा नापासांच्या मार्कशीटवर 'अनुत्तीर्ण'ऐवजी 'कौशल्य विकासासाठी पात्र' लिहिणं, जुलैची फेरपरीक्षा, एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावी, हे सगळं मुलाला बाहेर फेकू नये म्हणून आलं. राज्य अभ्यासक्रम आराखड्यातली नवी तरतूदही त्याच ओळीतली. गणित किंवा विज्ञानात २० ते ३४ मार्क असतील तर मुलाला पास करायचं, पण मार्कशीटवर शेरा येईल की पुढे हे विषय घेता येणार नाहीत. शेरा नको असेल तर पुन्हा परीक्षा. नवा अभ्यासक्रम दहावीपर्यंत पोहोचेल तेव्हा हे लागू होणार आहे. म्हणजे आज पहिलीत असलेल्या या मुलीच्या बॅचला ते लागू असेलच.

गणिताच्या धास्तीने शाळा सोडणाऱ्या आणि पुढे १७ नंबरचा फॉर्म भरत बसणाऱ्या मुलांना यातून दिलासा आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण हरसूलमध्ये दहावीची मार्कशीट कशासाठी लागते? ग्रामीण डाक सेवकाची भरती दहावीच्या मार्कांवर होते आणि त्यात गणित आणि इंग्रजी घेऊन पास असण्याची अट आहे. आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा फिटर व्हायचं तर दहावीला गणित-विज्ञान लागतं. वेल्डरला आठवी पास पुरते. शेरा मारलेली मार्कशीट घेऊन ही मुलगी नाशिकच्या आयटीआयच्या खिडकीवर उभी राहील, तेव्हा समोरचा क्लार्क तिला कोणत्या ट्रेडचा फॉर्म देईल?

ती वेळ यायला अजून काही वर्षं आहेत. तिची तिसरी मात्र २०२७-२८ मध्ये आहे, निपुणची मुदत संपल्यानंतरच्या वर्षात. आणि त्याआधी, दरवर्षीप्रमाणे, ऑक्टोबरमध्ये दिंडोरीकडच्या बागांची छाटणी सुरू होईल.