आधी होकार, मग साप

‘घरात साप पाळायची फार इच्छा आहे, पण बायको तयार नाही. तिला कसं पटवू?’ या प्रश्नावर लोकांनी दिलेले सल्ले या आठवड्यात एकापाठोपाठ एक वाचनात आले आणि मन विटलं. कुणी म्हणतो, आधी आणून टाका, महिन्याभरात तिला सवय होईल. कुणी म्हणतो, अगदी छोटं पिल्लू आणा, त्याला कोण घाबरणार? तिसऱ्याचा सल्ला असा, की आधी मुलांना फितवा. मुलं रडू लागली की आईला विरोध करता येत नाही. नकार देणारा नवरा असेल तर हेच डावपेच उलट्या दिशेने. या सदराचे जुने वाचक जाणतात की सापांची बाजू इथे नेहमीच घेतली गेली आहे, धामणीला काठीने ठेचणाऱ्यांविरुद्ध तर वारंवार. त्याच प्रेमापोटी आज सांगायचं आहे, की या मार्गाने घरात आलेला साप बहुधा सुखाने राहत नाही, त्याला आणणारा राहत नाही आणि ज्याच्यावर तो लादला गेला तो तर नाहीच नाही. जोडीदाराचा होकार हवा असेल तर त्याचा नकार आधी खरा मानावा लागतो.

हा प्रश्न मुख्यतः ब्रिटन-अमेरिकेतल्या घरांचा. तिथे बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक हे दोन बिनविषारी साप रीतसर विकत मिळतात, आणि नोकरीनिमित्त तिथे स्थिरावलेल्या मराठी घरांतही हा वाद उद्भवू शकतो. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, तीन ते पाच फुटांचा, घाबरला की डोकं मध्ये घेऊन स्वतःचा चेंडू करणारा. कॉर्न स्नेक अमेरिकेचाच, त्याहून सडपातळ आणि चपळ. न्यूझीलंडमध्ये साप पाळायला पूर्ण बंदी, त्यामुळे ऑकलंडमधल्या जोडप्यांपुढे हा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे देशी साप पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी सापांचं काय, ते पुढे येईलच.

साप आवडणाऱ्यांचा पहिला युक्तिवाद ठरलेला असतो: भीती निराधार आहे, बॉल पायथनला विष नसतं, त्याच्यापेक्षा कुत्रा जास्त जोरात चावतो. यातला शब्दन् शब्द खरा आहे, तरी समोरच्यावर त्याचा परिणाम शून्य होतो. कारण आपल्या माणसांची सापाची भीती कोऱ्या अज्ञानातून आलेली नाही. देशभरातल्या मृत्यूंच्या पाहणीवर आधारलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी, पावसाळ्यात दगावलेली. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बरेचदा चावल्याचं कळतही नाही, आणि सकाळी त्याच्या पापण्या उघडत नाहीत. कोकणात पायाखाली फुरसं, देशावर उसात घोणस. ज्या मुलीला लहानपणी आजीने अंथरूण झटकल्याशिवाय झोपू दिलं नाही, ती पुढे लंडनला राहायला गेली म्हणून ते झटकणं विसरत नाही. तिच्या भीतीमागे पिढ्यान् पिढ्यांचा पुरावा आहे. तो पुरावा बॉल पायथनला लागू होत नाही हे तिला सांगता येईल, पण ‘उगाच घाबरतेस’ या सुरात सांगितलं तर ती पुढचं काही ऐकणार नाही, आणि तिने का ऐकावं?

या भीतीवर शास्त्रज्ञांनी पुष्कळ काम केलं आहे आणि ते दोन्ही पक्षांनी समजून घ्यावं असं आहे. २०१७ साली जर्मनी आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी सहा महिन्यांच्या बाळांना सापांची आणि माशांची चित्रं दाखवली. सापाचं चित्र पाहताना बाळांच्या डोळ्यांच्या बाहुल्या अधिक विस्फारल्या. ती रडली नाहीत, भ्यायलीही नाहीत; फक्त सावध झाली. त्याआधी, १९८०च्या दशकात, सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी प्रयोगशाळेतच वाढलेल्या माकडांवर प्रयोग केले होते. या माकडांना सापाची भीती नव्हती. पण सापाला घाबरणारं दुसरं माकड पाहिल्याबरोबर तीही घाबरायला शिकली. तशाच रीतीने, चित्रफितीत सापाच्या जागी फुलं जोडून, त्यांना फुलांची भीती शिकवून पाहिली, तर ती मात्र शिकली नाहीत. म्हणजे सापाबाबत सावध होण्याची तयारी आपण जन्मतःच घेऊन येतो आणि प्रत्यक्ष भीती आसपासच्यांचे चेहरे पाहून शिकतो. जे शिकलेलं असतं ते कमी करता येतं, हा साप आवडणाऱ्यांना यातून मिळणारा खरा आधार.

ते कसं करता येतं, याचंही उत्तर उपलब्ध आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली सापाच्या भीतीने ग्रासलेल्या लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना नुसती चित्रफीत दाखवली, काहींना शांत बसून सापाची कल्पना करायला शिकवलं, आणि काहींच्या बरोबर प्रत्यक्ष साप हाताळला. हा तिसरा मार्ग सर्वांत गुणकारी ठरला. दहातल्या नऊंहून अधिक जणांची भीती गेली. आधी दुसरा माणूस साप हाताळताना बघायचं, मग हातमोजा घालून बोट लावायचं, मग उघड्या हाताने, मग मांडीवर. प्रत्येक पायरी त्या माणसाची तयारी झाल्यावरच चढायची. हा अभ्यास साप पाळणारे मोठ्या हौसेने सांगतात, पण त्यातली एक गोष्ट सोयीस्कर गाळतात. ती माणसं आपली भीती घालवायची म्हणून आपल्या पायांनी तिथे आली होती आणि कुठल्याही क्षणी थांबण्याची मुभा त्यांना होती. ‘आणून टाका, सवय होईल’ या सल्ल्यात यातलं काहीच नाही. तिथे भ्यालेल्या माणसाला स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामध्ये एक काचपेटी सक्तीने पार करावी लागते, दिवसातून वीस वेळा. अशाने भीती मुरते, आणि तिच्या जोडीला नवऱ्यावरचा अविश्वास येतो. साप पेटीतच आहे ना, हे ती आता त्याला विचारणार नाही, स्वतः जाऊन पाहील. कारण ज्याने सापाबद्दल एकदा लपवलं तो पेटीच्या झाकणाबद्दलही लपवेल असं तिला वाटलं, तर तिची चूक काय?

आणि धरून चालू की भीती पूर्ण गेली. तरीही होकार द्यावाच असं ठरत नाही, कारण नकाराची भीतीखेरीज इतर कारणं असू शकतात आणि ती सगळी समंजस आहेत. बॉल पायथन माणसाच्या घरी वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुई प्राणिसंग्रहालयात १९६१पासून असलेल्या एका मादीने २०२० साली, साठी ओलांडल्यावर, अंडी घातली. पंचविशीत हौसेने आणलेला साप मुलांच्या लग्नापर्यंत सोबत असू शकतो. त्या काळात बदल्या होतील, देश बदलेल, आईवडील राहायला येतील, बाळ येईल. सापांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीपुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी सरपटणारे प्राणी हाताळू नयेत असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचं म्हणणं आहे. म्हणजे नातवाला भेटायला आलेली आजी आणि तो नातू, दोघंही वर्ज्य यादीत. पेटीची एक बाजू तिशीपार उबदार, दुसरी थोडी थंड ठेवावी लागते, थर्मोस्टॅट बिघडला तर साप भाजतो. हे सगळं करणारा माणूस कामानिमित्त आठवडाभर बाहेर गेला की ते कुणाकडे येतं, हे वेगळं सांगायला नको.

त्यात खाण्याचा प्रश्न तर स्वतंत्र लेखाचा आहे. साप उंदीर खातो. पाळणारे बहुतेक जण मारून गोठवलेले उंदीर आणतात, कारण जिवंत उंदीर सोडला तर तो सापालाच चावून जखमी करू शकतो. ते फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि दर एक-दोन आठवड्यांनी एक काढून कोमट पाण्यात नरम करून द्यायचा. आता मराठी घरातला फ्रीझर डोळ्यांपुढे आणा: सोललेले मटार, खवलेलं खोबरं, उन्हाळ्यात भरून ठेवलेला आमरस. मांसाहारी घरातसुद्धा उंदराची पिशवी त्यांच्या शेजारी ठेवणं सोपं नाही. जिथे श्रावण पाळला जातो, नैवेद्याचं ताट वेगळं असतं, तिथे तर हा श्रद्धेच्या गाभ्याशी जाणारा विषय होतो. तज्ज्ञांचा सल्लाही हाच, की हे उंदीर माणसाच्या अन्नापासून दूर, निराळे ठेवावेत आणि त्यांची भांडी स्वयंपाकघरात आणू नयेत. सोवळंओवळं मानणारी आजी आणि रोगनियंत्रण केंद्र इथे एकाच बाजूला आहेत. म्हणून जो नवरा खरोखर गंभीर आहे त्याने सापाचे फोटो दाखवण्याआधी छोट्या वेगळ्या फ्रीझरची किंमत काढावी. तो कुठे राहील, कोण धुईल, वीज गेली तर कोण बघेल, हे ठरवून बोलायला बसावं. माझ्या मते या संपूर्ण वाटाघाटीतला हा सर्वांत निर्णायक मुद्दा आहे. सापाच्या देखण्या रंगाबद्दल तासभर बोलणारा माणूस उंदराच्या पिशवीबद्दल गप्प राहतो, तेव्हा ते काम आपल्या गळ्यात येणार हे समोरच्याला बरोबर कळतं. मुलांनी हट्ट केलेल्या माशांच्या टाकीचं पाणी शेवटी आईच बदलते, हे तिने पाहिलेलं असतं.

आक्षेप असा येईल, की मग एकाचा नकार कायमच दुसऱ्याच्या इच्छेवर भारी पडणार का? खोली माझी, पैसा माझा, छंद माझा. आक्षेप रास्त आहे, कारण लग्न म्हणजे दर वेळी जास्त घाबरणाऱ्याच्या मनाप्रमाणे वागणं नव्हे. पण दोन्ही पारड्यांत काय आहे ते बघावं लागतं. साप न आणल्याने एकाचा छंद अपुरा राहतो. तो सर्पोद्यानात जाऊन, अभ्यास करून, छायाचित्रं काढून काही अंशी भागवता येतो. साप आणल्याने दुसऱ्याला स्वतःच्या घरात रात्री अनवाणी चालता येत नाही, आणि त्याला दुसरं घर नाही. शिवाय सापाला यातलं काही कळत नाही. तो कुत्र्यासारखा लळा लावून घरच्यांचं मन जिंकणार नाही, फार तर माणसाचा हात सहन करेल. बत्तीस शिराळ्याचा दाखला काही जण देतात: तिथे तर नाग घरोघरी येत, बायका त्याला भाऊ मानून ओवाळत. खरं आहे. पण न्यायालयाने जिवंत नागांची मिरवणूक थांबवण्याआधीसुद्धा ते नाग सणापुरते पकडून मडक्यांत ठेवत आणि नंतर पुन्हा रानात सोडत. आणि त्या घरातल्या कुणी नाग फसवून आत आणला नव्हता. सगळ्या गावाची त्याला संमती होती.

लादलेल्या सापाचं पुढे काय होतं, याचा विचारही सर्पप्रेमींनी करावा. भांडण विकोपाला गेलं की साप जातो कुठे? कुणाला तरी स्वस्तात दिला जातो, संस्थांच्या दारात ठेवला जातो, कधी रानात सोडला जातो. फ्लॉरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत पाळणाऱ्यांकडून सुटलेल्या आणि सोडलेल्या बर्मी अजगरांची प्रजा इतकी वाढली, की तिथले रॅकून आणि ससे दिसेनासे झाले. तेव्हा ज्याला साप खरोखर प्रिय आहे त्याने जोडीदाराला एखाद्या ओळखीच्या, नीटनेटक्या पाळणाऱ्याकडे न्यावं, दुरून बघू द्यावं, प्रश्न विचारू द्यावेत, आणि ती नाही म्हणाली तर परतीच्या वाटेवर विषय काढू नये. काही महिन्यांनी पुन्हा एकदा विचारायला हरकत नाही. दर रविवारी विचारायला मात्र आहे, कारण कंटाळून दिलेला होकार पहिल्याच उंदराला संपतो.

इथे, महाराष्ट्रात राहून हा विचार करणाऱ्यांसाठी आणखी एक पायरी आहे. २०२२च्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या परदेशी प्रजातीही वन्यजीव कायद्याच्या कक्षेत आल्या आणि बॉल पायथन त्यांत मोडतो. असा प्राणी बाळगणाऱ्याने सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर त्याची नोंद करावी, जन्म-मृत्यू आणि हस्तांतर कळवावं, असे नियम फेब्रुवारी २०२४मध्ये निघाले. विकणारा ‘कागदांचं बघू नंतर’ म्हणत असेल तर तिथूनच परत फिरावं. धामण, नानेटी, मांडूळ असा कुठलाही देशी साप तर प्रश्नाबाहेरच. तो अंगणात आला तर सर्पमित्राला बोलवावं आणि जाऊ द्यावं. कागद पुरे असतील तर ते जोडीदाराच्या हातात द्यावेत, सगळे, साप बघायला जाण्याआधी. त्याखाली तिची सही लागत नाही. तरी ती वाचून काय म्हणते याची वाट पाहावी.