मालेगावची मते मोजली, आपली कोण मोजणार?



२०२४ च्या जूनमधली गोष्ट. मृगाचा पाऊस अजून यायचा होता. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात आम्ही बोंडअळीवर बोलायला गेलो होतो. फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, हे आमचे नेहमीचेच. पण ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. लोकसभेचा निकाल लागून चारच दिवस झाले होते. एक तरुण शेतकरी उठला आणि म्हणाला, "साहेब, अळीचं नंतर बघू. एकट्या मालेगावनं आपलं पाच ठिकाणचं मत पाण्यात घातलं, त्याचं काय ते सांगा."

त्या दिवशी आम्ही गुळमुळीत काहीतरी बोललो. आकडे हाताशी नव्हते, आणि खरे सांगायचे तर भरल्या सभेत वाद नको वाटला. ती चूकच झाली. कारण तो प्रश्न तिथेच राहिला नाही. पुढे विधानसभेच्या प्रचारात धुळ्याचेच उदाहरण देऊन 'व्होट जिहाद' हा शब्द राज्यभर फिरवला गेला. देवेंद्र फडणवीस यांनी त्याला मतांच्या धर्मयुद्धाने उत्तर द्या असे आवाहन केले. पंतप्रधान ८ नोव्हेंबर २०२४ ला धुळ्याच्या सभेत 'एक है तो सेफ है' म्हणाले. (हा 'व्होट जिहाद' शब्द त्याच वर्षी एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रचारसभेत विरोधी बाजूच्याच एका मुस्लिम कार्यकर्तीने वापरला होता. तोंडाची वाफ दोन्हीकडे सारखीच.)

आता हिशेब मांडू. धुळे लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ आहेत: धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, बागलाण, मालेगाव बाह्य आणि मालेगाव मध्य. भाजपचे डॉ. सुभाष भामरे पाच ठिकाणी मिळून सुमारे १ लाख ९० हजारांनी पुढे होते. सहाव्या, म्हणजे मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना १,९८,८६९ मते पडली आणि भामरे यांना ४,५४२. एकूण निकाल बच्छाव ५,८३,८६६, भामरे ५,८०,०३५. फरक ३,८३१ मतांचा. मालेगाव मध्यमध्ये मतदानही इतर पाच ठिकाणांपेक्षा जास्त झाले. हे सगळे खरे आहे, आणि त्या तरुणाला लागलेला धक्का आम्हाला समजतो. पाच खळी भरायची आणि सहाव्या खळ्याने वजन फिरवायचे, हे कोणालाही चक्रावून टाकणारेच.

पण शेतात अळी किती आहे हे पाहताना आम्ही तुम्हाला काय सांगतो? एका कोपऱ्यातले एक झाड पाहून फवारा उचलू नका. चारी कोपऱ्यांतून झाडे घ्या, मधूनही घ्या, मग बोला. निवडणुकीत मात्र सगळ्यांनी एकच कोपरा पाहिला.

२०१९ साली हेच भामरे याच मतदारसंघात ६,१३,५३३ मते घेऊन २ लाख २९ हजारांनी निवडून आले होते. तेव्हाही मालेगाव मध्यने त्यांना काही फारसे दिले नव्हते. पाच वर्षांत मतदारयादी फुगली, तरी त्यांची मते ३३ हजारांहून जास्त घटली. ३,८३१ मतांनी हरलेल्या माणसाची ३३ हजार मते गेली कुठे? मालेगाव मध्यमध्ये त्यांची मते होतीच मूठभर, तिथे ३३ हजार गमावायला जागाच नव्हती. ती गेली ती उरलेल्या पाच ठिकाणची, जिथे कांदा, कापूस आणि दादर पिकते तिथली. ती सगळी शेतकऱ्यांचीच होती असे आम्ही म्हणणार नाही. शहरातलीही असतील, उमेदवाराला कंटाळलेलीही असतील. पण ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली आणि मतदानाला सोळा दिवस उरले असताना, ४ मे २०२४ ला, ती उठवली, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. २०२२ मध्ये दहा हजारांच्या वर गेलेला कापूस २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ७,०२० च्या हमीभावाखाली विकावा लागला. बागलाणचा कांदेवाला आणि शिंदखेड्याचा कापूसवाला हे विसरून केंद्रावर गेला असेल काय? काही जण रागाने गेले, काही रागाने घरीच बसले.

भावांनो, आमची तक्रार इथे आहे. निकालानंतर महिनाभर सगळ्या वर्तमानपत्रांत आणि सभांत मालेगावचे १ लाख ९८ हजार गाजत होते. कांदा-कापसाचा राग दोन ओळींत आटोपला. मुसलमानाने रांगेत उभे राहून मत दिले तर त्याचा कट होतो. आपण रागावून मत फिरवले तर त्याची बातमीसुद्धा होत नाही. दोघांनाही मतदार मानायला कोणी तयार नाही.

मालेगावने एकगठ्ठा मत का दिले, हेही बघा. एमआयएमने उमेदवार दिला नव्हता. वंचितच्या उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला. मत फुटायला फट उरली नव्हती. वरून 'चारसौ पार' आणि घटना बदलण्याची चर्चा, त्यामुळे भीती. भीती खरी होती की वाढवलेली, यावर वाद घाला. पण भ्यालेला माणूस मतदान केंद्रावर जातो, दंगा करत नाही, यात वाईट काय आहे? मौलवींनी मतासाठी आवाहने काढावीत हे आम्हालाही पसंत नाही. मग आपल्याकडे महाराज आणि मठ काय करतात? आणि जातीच्या मेळाव्यात हात वर करून शपथा घेतल्या जातात त्या कशाच्या?

तो 'गठ्ठा' टिकला किती दिवस? सहा महिने. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत त्याच मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचे मुफ्ती इस्माईल आणि त्यांचे प्रतिस्पर्धी आसिफ शेख रशीद यांच्यात मते जवळजवळ निम्मी निम्मी वाटली गेली. मुफ्ती निवडून आले ते १६२ मतांनी. त्या वेळी राज्यात एवढ्या कमी फरकाने दुसरे कोणीच निवडून आले नाही. आणि मे महिन्यात दोन लाखांच्या घरात गेलेल्या काँग्रेसला त्याच गल्ल्यांत दहा हजारही मते मिळाली नाहीत. म्हणजे तिथलाही माणूस गटार, पाणी, पुढारी, भावकी बघूनच मत देतो. एकदा त्याने एकत्र मत दिले, तेवढेच आपल्या लक्षात राहिले.

खरे तर आम्हाला त्याचा थोडा हेवा वाटतो. शेतकरी संघटनेचे पहिले अधिवेशन १९८२ च्या जानेवारीत सटाण्याला भरले, याच बागलाणात. शरद जोशींच्या सभेला लाखांनी माणसे येत. तेच शरद जोशी १९९५ साली विधानसभेला हिंगणघाटसारख्या कापसाच्या भागात उभे राहिले आणि पडले. सभेला शेतकरी म्हणून आलेला माणूस मतपेटीपाशी कुणबी, तेली, पाटील, काँग्रेसवाला, सेनावाला होऊन गेला. भावासाठी एकगठ्ठा मत आपण कधी दिलेच नाही. मग ज्यांनी दुसऱ्या कारणासाठी दिले त्यांच्यावर डोळे वटारायचा आपल्याला काय अधिकार?

मालेगावशी आपले भांडण नाहीच असेही नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तिथे लाखाच्या वर यंत्रमाग आहेत. आपल्या कापसाची रुई गिरणीत जाते, तिचे सूत मागावर चढते. सूत महागले की मागवाला ओरडतो, कापूस स्वस्त झाला की आपण ओरडतो. पण भाव पाडतो कोण? मार्च २०१२ मध्ये काँग्रेस आघाडीच्या केंद्र सरकारने कापसाची निर्यात बंद केली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये भाजपच्या केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि ती सूट डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत वाढवली, नेमकी आपली वेचणी घरात येत असताना. या दोन्ही निर्णयांवर मालेगावच्या बारा तास मागावर उभ्या राहणाऱ्या मजुराची सही नव्हती. कापड गिरण्यांच्या मोठ्या लॉबीला दिल्लीत दार उघडे असते, तुम्हाला नाही आणि त्यालाही नाही.

नोव्हेंबरचा निकाल लागल्यावर दुसऱ्या बाजूनेही तेच केले. महाविकास आघाडीचे ४६ च्या आसपास आमदार आल्यावर दोष मतदान यंत्राला. लोकांच्या मनात काय होते हे विचारायला गावात कोणी फिरकले नाही. धुळे जिल्ह्यातल्या पाचही जागा महायुतीला गेल्या. तिच्या जाहीरनाम्यात कर्जमाफी होती. मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी सांगितले, ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा. जे 'एक' झाले त्यांचा सातबारा काही त्यामुळे कोरा झाला नाही.

पुढे त्या गावात आम्ही परत गेलो, या वेळी आकडे घेऊन. केंद्रनिहाय मतांचा तक्ता निवडणूक कार्यालय प्रसिद्ध करते, तो मिळतो. पारावर बसून त्या गावाचे केंद्र काढले. निकाल सोडा, आधी मतदान किती झाले ते पाहू म्हटले. शंभरातले चाळीसच्या आसपास लोक आलेच नव्हते. नावे आठवू लागलो. कोणी नाशिकला, कोणी ऊसतोडीहून परतून आजारी, बरेच सुरतला. तोच तरुण बराच वेळ गप्प होता. त्याचे दोन्ही भाऊ सुरतला कापड कारखान्यात आहेत. मे महिन्यात आले नव्हते का, विचारले.

"नाही," तो म्हणाला. "त्यांना कोणी बोलावलंच नाही. मीपण नाही."